अंगण वाकडं आहे, पण पाय आपला आहे

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. दहावी पास झालेला गोदी कामगार आहे. कविता लिहितो, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. पण आज कविता वाचणार नाही. आज मला एका गोष्टीवर बोलायचंय. शाळेत हरलेलं पोरगं आपल्या मनाला कसं वाचवतं, आणि वाचवता वाचवता शिक्षणच कसं गमावून बसतं, त्यावर.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतलं एक पोरगं माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही, तुमच्या प्रत्येक गल्लीत ते आहेच. नववीत आहे. म्हणालं, "दादा, मला गोदीत लाव. मी शाळा सोडतोय." मी म्हटलं, "अजून अठरा पूर्ण नाहीत तुझी. आणि सोडतोयस का?" तर म्हणालं, "शिकून कोणाचं भलं झालंय? तूपण सोडलीच होतीस ना?"

मी गप्प झालो. का गप्प झालो ते शेवटी सांगतो. खरं तर तेच सांगायला आलोय.

हे पोरगं ढ नाही. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब तोंडी करतं. मॅचमध्ये उरलेल्या चेंडूंत किती रन लागतील ते काढायला मला कागद लागतो, त्याला लागत नाही. पण वर्गात अपूर्णांकाची बेरीज आली की याला हसू फुटतं. बाकावर ढोलकी वाजवतं. सर चिडतात, बाहेर काढतात, पोरं हसतात, आणि हे हिरोसारखं बाहेर जातं. परीक्षेच्या दिवशी याच्या पोटात दुखतं. निकाल लागला की कॉलर वर करून सांगतं, "मी अभ्यासच केला नव्हता. केला असता तर दाखवलं असतं."

या वाक्याकडे नीट बघा. आपण याला माज म्हणतो. हा माज नाही, भीती आहे. अभ्यास करून नापास झाला तर लोक म्हणणार, याच्या डोक्यातच काही नाही. अभ्यास न करता नापास झाला तर डोकं शाबूत राहतं, दोष फक्त आळसाचा. म्हणून पोरगं आधीच स्वतःच्या पायात दोरी बांधून घेतं. पडलो तर दोरीमुळे पडलो, असं म्हणता येतं. बर्गलास आणि जोन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली यावर प्रयोग केले आणि या खोडीला नाव दिलं. आमच्या गल्लीत नाव नव्हतं, खोडी होती.

अशा ढाली माणसाकडे पुष्कळ असतात. फ्रॉइडने 1894 साली पहिल्यांदा या बचावाबद्दल लिहिलं, आणि त्याची मुलगी ॲना फ्रॉइड हिने 1936 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कॉलेजातली पुस्तकं त्याला संरक्षण यंत्रणा म्हणतात. शब्दाला घाबरू नका. आपल्या आज्या हे सगळं जात्यावर बसून सांगत आल्या आहेत.

हवं ते मिळालं नाही की ते वाईटच होतं म्हणायचं: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पुस्तकात याला समर्थन म्हणतात. एकाचा राग दुसऱ्यावर काढायचा: वड्याचं तेल वांग्यावर. वर्गात सरांनी अपमान केला, सरांना बोलता येत नाही, मग घरी येऊन धाकट्या बहिणीच्या पाठीत धपाटा. आपल्याला जमत नाही तर दोष जागेला द्यायचा: नाचता येईना अंगण वाकडं. याशिवाय आणखी आहेत. झालंच नाही असं वागणं. प्रगतिपुस्तक गादीखाली घालून ते नाहीच म्हणणं. दिवसा डोळे उघडे ठेवून स्वप्नं बघणं. मोबाइलवर रात्रभर दुसऱ्यांचं आयुष्य बघून आपलं विसरणं.

आणि पोरींची ढाल वेगळी, ती कोणाला दिसतच नाही. पोरगी ढोलकी वाजवत नाही. ती शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेते. एक अक्षर कळलेलं नसतं. विचारत नाही, कारण विचारलं की पोरं हसतात. बाई म्हणतात, किती शहाणी मुलगी! घरी म्हणतात, आमची पोर त्रास देत नाही. आणि ही शहाणी मुलगी दहावीला तीन विषयांत जाते, तेव्हा सगळे म्हणतात, अरे, असं कसं झालं? असं झालं कारण तिची वही भरत होती आणि आत ती एकटी बुडत होती. पोरगा ओरडून बुडतो, पोरगी न ओरडता बुडते. बुडणं तेच.

आता कोणी म्हणेल, हे सगळ्याच पोरांचं असतं, त्यात जातीचा काय संबंध? बरोबर. वैफल्य सगळ्यांना येतं. 1941 साली बार्कर, डेम्बो आणि लेविन या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लहान मुलांना उत्तम खेळणी दाखवली, थोडा वेळ खेळू दिलं, मग मधे जाळी टाकली. खेळणी दिसतात, हात पोचत नाही. त्यानंतर त्या मुलांना साधी खेळणी दिली तर ती आपल्या वयापेक्षा लहान पोरांसारखी खेळायला लागली. अक्कल गेली नव्हती. जाळीने पोरांना मागे ढकललं होतं.

दोस्तांनो, या देशात ती जाळी कोणापुढे किती वर्षं होती, हे मी तुम्हाला सांगायला नको. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. सगळ्यांपुढे दिसणारं पाणी, आणि हात लावायचा नाही. म्हणून आमच्या पोराने "अंगण वाकडं आहे" म्हटलं तर इतरांसारखं त्याला हसू नका. त्याच्या बाबतीत अंगण खरोखर वाकडं आहे. इथेच आपला प्रश्न इतरांपेक्षा अवघड होतो. दुसऱ्याच्या पोराची सबब खोटी असते, म्हणून ती लवकर फुटते. आपल्या पोराच्या सबबीत अर्धं सत्य असतं. अर्धं सत्य असलेली ढाल फार मजबूत असते, ती जन्मभर फुटत नाही.

अंगण किती वाकडं आहे ते ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर प्रयोग केला, 2006 साली तो एका मोठ्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. वरच्या जातीची 321 मुलं, खालच्या म्हटलेल्या जातींची 321 मुलं. कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जितकी सुटतील तितके पैसे. जात कोणाची सांगितली नाही तेव्हा दोन्ही मुलं सारखीच निघाली. मग नाव, गाव, बापाचं नाव, जात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवली. आपल्या मुलांची कोडी सुटायची कमी झाली. मेंदू तोच, पोरगं तेच, कोडं तेच. मधे फक्त एक शब्द आला होता.

हे वाचलं तेव्हा मला माझा सातवीचा वर्ग आठवला. एक कारकून दारात यायचा आणि ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" आम्ही सात-आठ जण उभे. बाकीचे पन्नास मान वळवून बघणार. दोन मिनिटांत सह्या व्हायच्या, कारकून जायचा, सर पुन्हा फळ्याकडे वळायचे. आम्ही खाली बसायचो, पण आतून उभेच असायचो. त्या तासाला फळ्यावर काय शिकवलं, हे आजही मला सांगता येणार नाही. आमचे पैसे आम्हाला मिळायचे, आणि त्यांच्याच नावाने तेवढा तास आमच्याकडून काढून घेतला जायचा.

आता मुद्द्यावर येतो. ढाल शिक्षणाला कशी मारते?

शिकायचं म्हणजे काय? आधी "मला येत नाही" हे कबूल करायचं. मग चूक करायची. मग ती चूक चार लोकांत उघडी ठेवून बघायची, कुठे घसरलो ते. चूक ही शिकायची जागा आहे. आणि ढालीचं काम काय? चूक झाकणं. म्हणजे शिक्षण म्हणतं उघड, ढाल म्हणते झाक. दोघांचं एकत्र जमत नाही. गोदीत वरून माल उतरत असताना एका हाताने डोकं झाकून दुसऱ्या हाताने ओझं उचलून बघा. उचलत नाही. पोरगं वर्गात तेच करतंय. त्याचा अर्धा जीव डोकं झाकण्यात गुंतलाय, आणि आपण विचारतो, याचं लक्ष का नाही?

गणितात तर हे व्याजासारखं वाढत जातं. पाचवीत अपूर्णांक कळला नाही. कळला नाही म्हणायची लाज वाटली. सातवीत त्यावर गुणोत्तर-प्रमाण आलं, आठवीत बीजगणित आलं. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं होतं. हेतू चांगला होता. पोरावर नापासाचा शिक्का नको, त्याला मागे वळून शिकवा, असा तो होता. पण मागे वळून शिकवायचं बहुतेक ठिकाणी राहून गेलं आणि नुसतं ढकलपास उरलं. पुढे 2019 साली कायदा बदलला, 2023 साली महाराष्ट्राने पाचवी-आठवीला परीक्षा आणली. पण परीक्षा घेतल्याने अपूर्णांक येत नाही. ज्या पोराची चूक पाच वर्षं झाकली गेली, ते नववीत उघडं पडतं. तेव्हा त्याला मिशी फुटलेली असते, आणि मिशी फुटलेल्या पोराला पाचवीचं पुस्तक हातात घ्यायची लाज मरणासारखी वाटते. मग ते म्हणतं, दादा, मला गोदीत लाव.

इंग्लंडात पॉल विलिस नावाचा एक अभ्यासक होता. त्याने तिथल्या कामगार वस्तीतल्या बारा पोरांबरोबर राहून 1977 साली एक पुस्तक लिहिलं. ती पोरं आपल्याच पोरांसारखी. मास्तरांची टिंगल, शिकणाऱ्या पोरांची टिंगल, अंगमेहनतीचीच खरी मर्दानगी. त्यांना शाळेचं ढोंग बरोबर कळलं होतं. शाळा सांगते सगळ्यांना समान संधी, आणि पोरांना दिसतंय की ते खोटं आहे. पण त्या कळण्याचं त्यांनी काय केलं? बंड म्हणून शाळा सोडली आणि बापाच्याच कारखान्यात बापाच्याच जागेवर जाऊन उभी राहिली. मालकाला जे हवं होतं ते पोरांनी आपल्या पायाने चालत जाऊन करून दिलं. कोणी ढकललं नाही. दोस्तांनो, आपल्याकडे तर याला हजारो वर्षांचा अनुभव आहे. मनूला हेच हवं होतं ना? पूर्वी शाळेच्या दारावर पहारेकरी लागायचा. आज पोरगं स्वतः म्हणतं, मला आत यायचंच नाही. पहारेकऱ्याचा पगारही वाचला.

आता आपल्या चळवळीवर बोलतो. राग आला तरी चालेल.

आपण पोरांच्या हातात तयार ढाली देतो. "हे शिक्षण ब्राह्मणी आहे" असं आपण माइकवर ओरडतो. ते खोटं नाही. पण ज्याने पुस्तक उघडून, वाचून, त्यात कोण नाही हे शोधलं, त्याने ते म्हणावं. ज्याला पुस्तक उघडायची भीती वाटते तो हेच वाक्य म्हणतो तेव्हा ते द्राक्षं आंबट असतात, क्रांती नसते. वाक्य एकच, माणसं दोन. दुसरी ढाल: "नामदेव ढसाळ कुठल्या कॉलेजात गेला होता?" अरे, 1972 सालचा 'गोलपिठा' हातात घे आणि बघ, ते न वाचणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे का. तिसरी ढाल जयंतीची. वर्षभर शाळेत खाली मान, आणि 14 एप्रिलला डीजेपुढे छाती पुढे. नाचायला माझी ना नाही, मीही नाचतो. पण बाबासाहेबांशी तादात्म्य पावायचं तर निळ्या सुटाशी पावून भागत नाही, त्यांच्या अभ्यासाशी पावावं लागतं. मॅट्रिकला 1907 साली त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आजच्या टक्केवारीच्या बाजारात या गुणांना कोणी विचारणार नाही. ते तिथे "शाळाच वाईट" म्हणून थांबले नाहीत, आणि "मीच वाईट" म्हणूनही थांबले नाहीत. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात होते.

आणि आणखी एक नाव घेतो, मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली, जेमतेम चौदा वर्षांची. म्हणजे आपल्या नववीतल्या पोराच्याच वयाची. 1855 साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तिच्या वाट्याचं वैफल्य आपल्यापेक्षा कमी होतं काय? तिने ते गादीखाली लपवलं नाही, धाकट्या भावंडावर काढलं नाही, स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं नाही. ज्यांनी दुःख दिलं त्यांच्या पत्त्यावर, त्यांना वाचता येईल अशा अक्षरात ते पाठवलं. राग योग्य पत्त्यावर पाठवायला अक्षर लागतं, दोस्तांनो. अक्षर नसेल तर राग घरातल्या घरातच फुटतो.

आता शेवटी माझं.

तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की मी घरच्या गरिबीमुळे शाळा सोडली, गोदीत लागलो, मग रात्रशाळेतून दहावी झालो. सत्काराला हेच सांगितलं, कवीच्या परिचयात हेच छापलं. गरिबी होती, खोटं नाही. पण मी शाळा सोडली ती गरिबीमुळे नाही. दहावीच्या सराव परीक्षेत गणितात मला शंभरपैकी अकरा गुण पडले होते. पेपर वाटताना सरांनी माझा पेपर वर धरला आणि वर्गाला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. आई म्हणाली, "मी चार घरची भांडी वाढवीन, तू जा." मी म्हटलं, "तुला त्रास नको म्हणून सोडतोय." आईच्या कष्टांची मी ढाल केली. ती बिचारी अजून शेजारणींना सांगते, माझ्या लेकाने माझ्यासाठी शाळा सोडली. त्याच वर्षी मी कविता लिहायला लागलो. व्यवस्थेवर, सूर्यावर, आगीवर लिहिलं. त्या अकरा गुणांवर एक ओळ लिहिली नाही.

आणि आता ते पोरगं मला म्हणतंय, "तूपण सोडलीच होतीस ना?" माझी ढाल त्याने उचलली. मी लपलो होतो त्याच बिळात आता ते शिरतंय, आणि बिळाच्या तोंडावर माझं नाव लिहिलेलं आहे. म्हणून आज सगळ्यांपुढे सांगतो. मी घाबरून पळालो होतो. सरांनी पेपर वर धरला हे अंगण वाकडं होतं. अकरा गुण हा माझा पाय होता. अंगणाचा दोष सांगत राहिलो आणि पायाकडे चार वर्षं बघितलं नाही. रात्रशाळेत एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला पाचवीचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, कोणाला दिसू नये म्हणून. ते गुंडाळणं मी विसरणार नाही. त्यांनी माझी ढाल ओढून काढली नाही. आधी मला आडोसा दिला, मग शिकवलं.

तेव्हा आपण काय करायचं ते सांगतो, आणि थांबतो.

पहिलं, पोरांची ढाल हिसकावू नका. "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय" म्हणाल तर ते आणखी एक ढाल शोधेल. आधी अशी जागा करा जिथे ढालीची गरज नाही. या अभ्यासवर्गात रविवारी मोठ्यांनी आधी फळ्यावर जायचं आणि आपल्याला न येणारं गणित सगळ्यांसमोर चुकवायचं. पहिला मी जाईन. दुसरं, पोराबरोबर बसून कागदावर दोन रकाने करा: अंगण आणि पाय. शिकवणी नाही, घरात बसायला जागा नाही, सर हसतात, हे अंगणात. अपूर्णांक येत नाही, हे पायात. अंगणासाठी सगळ्यांनी मिळून लढायचं, पायासाठी रोज एक तास बसायचं. एकाच्या नावाने दुसरं टाळायचं नाही. तिसरं, ज्या शाळेत आजही पोरांना जातीवरून वर्गात उभं करतात, तिथे आपण जाऊन मुख्याध्यापकांपुढे उभं राहायचं. नावं कागदावर असतात, सह्या ऑफिसात घेता येतात. चौथं, जे दहावीत गेलेत त्यांना सांगा की फेरपरीक्षा आहे, 17 नंबरचा फॉर्म आहे, रात्रशाळा आहे. दार बंद झालं असं त्यांना वाटतंय, ते अजून उघडं आहे.

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द शिका हा आहे. तो पहिला का आहे ते मला उशिरा कळलं.

त्या पोराला मी गोदीत लावणार नाही. त्याला हे सगळं सांगितलंय, अकरा गुणांसकट. ते बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, "मला सतरा पडलेत." येत्या रविवारी सकाळी ते इथे येणार आहे. पाचवीचं पुस्तक मी आणतो. गुंडाळायला वर्तमानपत्र तुम्ही आणा. काही दिवसांनी ते लागणार नाही.

जय भीम.